मोटार होमच्या टपावरचा अँटेना: आधी उंची मोजा, मग रेंज बघा

मोटार होमच्या टपावर अँटेना चढला की गाडीची उंची बदलते. हे एकदा डोक्यात बसलं की बाकीची काळजी आपोआप घेतली जाते. नाही बसलं, तर कितीही महागाचा अँटेना लावा, धोका टपावर घेऊनच फिराल.

मी नागपुरात गाड्यांच्या वायरिंगचं काम करते. पूर्वी ॲम्ब्युलन्स आणि शाळेच्या व्हॅन जास्त असायच्या. आता ट्रॅव्हलर व्हॅनचं घर करून फिरणारी मंडळी येतात. कोणी पेंचला सिल्लारीकडे जाणारे, कोणी नागझिऱ्याला, कोणी रामटेकला खिंडसीच्या काठी मुक्काम करणारे, कोणी समृद्धी महामार्गानं थेट मुंबईच्या बाजूला निघालेले. पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, देवलापारच्या पुढं नेट चालंल का जी?" मी उलट विचारते, गाडीची उंची किती? मग एकतर कंपनीच्या कागदावरचा आकडा सांगतात, नाहीतर नवरा-बायको एकमेकांकडे बघतात. कागदावरचा आकडा रिकाम्या टपाचा असतो. त्यावर सोलर पॅनल आलं, कॅरिअर आलं, एसीचा डबा आला, आणि आता अँटेना येणार.

म्हणून मोजणीपासून सुरुवात. सपाट सिमेंटच्या जागी गाडी उभी करा. पाण्याच्या टाक्या रिकाम्या ठेवा आणि टायरमध्ये पूर्ण हवा भरा, कारण हलकी गाडी स्प्रिंगवर जास्त उंच उभी राहते आणि आपल्याला सगळ्यात जास्त उंचीच हवी आहे. टपावरच्या सर्वांत उंच टोकावर गवंडी वापरतात तशी ॲल्युमिनियमची सरळ पट्टी आडवी धरा, स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा मधोमध आणा आणि पट्टीच्या बाहेर आलेल्या टोकापासून जमिनीपर्यंत टेप सोडा. असे दोन आकडे घ्या: अँटेना मिटलेला असताना आणि उभा असताना. दोन्ही आकडे मीटर आणि फूट अशा दोन्हींत मोठ्या अक्षरात लिहून ड्रायव्हरच्या समोर, काचेच्या वरच्या कोपऱ्यात चिकटवा. गेटवर चौकीदार फुटात सांगतो आणि रस्त्यावरचा बोर्ड मीटरमध्ये असतो. ऐन वेळी गुणाकार करत बसायला लागू नये.

वीज जाते त्या तारा

आता ते आकडे कशाशी ताडून बघायचे? सगळ्यात आधी डोक्यावरच्या तारांशी. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांप्रमाणे रस्ता ओलांडणारी ११ केव्हीची, म्हणजे ११ हजार व्होल्टची, तार जमिनीपासून किमान ६.१ मीटर उंच असावी लागते, घरगुती दाबाची ५.८ मीटर. हे वाचून लोक निश्चिंत होतात. पण रस्ता सोडून बाजूला शेतात, बांधावर, मोकळ्या मैदानात शिरलात की उघड्या ११ केव्ही तारेला ४.६ मीटर पुरतात. आणि आपण मुक्काम करतो तो नेमका रस्ता सोडूनच.

हिशेब करून बघा. गाडी टपापर्यंत २.७ मीटर, त्यावर २ मीटरचा पाइप उभा केला की झाले ४.७ मीटर. म्हणजे पूर्णपणे नियमात असलेल्या तारेलाही तुमच्या पाइपचं टोक लागू शकतं. त्यात आपला उन्हाळा. पारा ४५ च्या वर गेला की तारेचा धातू लांबतो आणि दोन खांबांच्या मध्ये तिचा झोळ खाली येतो. हिवाळ्यात त्याच जागी मुक्काम केला होता, काही झालं नव्हतं, हे मे महिन्यात कामाचं नाही. खांबाजवळ तार उंच दिसते, तिची खरी उंची दोन खांबांच्या मधोमध बघायची.

माझा नियम सरळ आहे. उभा केलेला अँटेना जमिनीपासून जितका उंच, त्याच्या दुप्पट अंतर तारेपासून सोडायचं, आणि ते आडवं मोजायचं. पाच मीटरचा अँटेना असेल तर दहा मीटर. मग पाइप वाऱ्यानं पडला, हातातून सुटला, कोणत्याही बाजूला कलला, तरी तारेला शिवणार नाही. तारेच्या खाली तर गाडी लावायचीच नाही, सावली कितीही छान असली तरी. कोराडी-खापरखेड्याच्या बाजूनं मोठ्या टॉवरच्या लाइन निघतात, त्यांच्यापासून याहूनही लांब राहा. तिथं दाब इतका असतो की तारेला काही लागलं नाही तरी वीज हवेतून झेप घेते.

रेल्वेच्या तारेत २५ हजार व्होल्ट असतात. विजेच्या लाइनवरच्या फाटकाला दोन्ही बाजूंनी उंचीची लोखंडी कमान असते, तिची उंची ४.६७ मीटर. मिटलेल्या अवस्थेत तुमची गाडी तिच्याखालून सहज जाईल, पण फाटकावर थांबलेलं असताना टपावर चढून काही नीट करणं, डिश हलवून बघणं, हे कधीच नाही. शहरात वेगळा त्रास. महाल-इतवारीच्या गल्ल्यांत खांबावरून घरात गेलेल्या सर्व्हिस वायर आणि केबलवाल्यांच्या तारा लोंबतात, गणपती-दुर्गेच्या दिवसांत रस्त्यावर कमानी उभ्या राहतात, सिव्हिल लाइन्समध्ये झाडांच्या फांद्या, लोहापूल आणि नरेंद्रनगरसारखे रेल्वेखालचे रस्ते, मॉलचं तळघर, पेट्रोल पंपाचं छप्पर. अशा ठिकाणी शंका आली तर एकानं खाली उतरून बघायचं, मगच पुढं.

आणि तार लागलीच तर? आतले सगळे जण गाडीतच बसून राहा. लोखंडी बॉडीत बसलेल्या माणसातून वीज जात नाही. एक हात दारावर आणि एक पाय जमिनीवर, हा क्षण जीव घेतो. बाहेरच्या लोकांना ओरडून लांब राहायला सांगा, १९१२ वर फोन करून लाइन बंद करून घ्या, ११२ लाही कळवा, आणि तार बंद झाली असं वीज कंपनीच्या माणसानं सांगेपर्यंत उतरू नका. गाडीला आग लागली तरच बाहेर पडायचं, आणि तेही दोन्ही पाय जुळवून, गाडीला हात न लावता, उडी मारून. खाली आल्यावर पावलं उचलायची नाहीत. पाय एकमेकांना चिकटवून जमिनीवरूनच छोटं-छोटं सरकत किमान दहा मीटर लांब जायचं. हे घरातल्या मुलांनाही आधी करून दाखवा.

कोणता अँटेना घ्यावा

परदेशी व्हिडिओत टपावरून हँडल फिरवून वर चढणारा टीव्ही अँटेना दिसतो आणि लोक तोच मागतात. आपल्याकडे तो घेऊ नका. दूरदर्शननं जुनं ॲनालॉग प्रक्षेपण जवळपास सगळीकडे बंद केलं आहे, सेमिनरी हिल्सचा टॉवर दिसला म्हणजे चित्र येईल असे दिवस राहिले नाहीत. इथं दोनच कामांचे अँटेना लागतात. एक मोबाइल नेटसाठी राउटरला जोडायचा, दुसरी टीव्हीची डिश.

नेटसाठी मी जवळजवळ नेहमी टपाला चिकटून बसणारा बुटका गोल अँटेना सुचवते. चारही दिशांनी सिग्नल घेतो, उंची हाताच्या पंजाएवढी, चालत्या गाडीतही चालतो, आणि तो उभा करायचा-मिटवायचा प्रश्नच नाही. टॉवरच्या दिशेनं फिरवायचा पॅनल अँटेना लांबच्या टॉवरसाठी चांगला असतो, पण त्याला पाइप लागतो आणि पाइप आला की वर लिहिलेलं सगळं आलं. रोज जंगलाच्या काठावरून ऑफिसचं काम करायचं असेल तरच तो घ्या.

इथं एक गोष्ट बहुतेक दुकानात सांगत नाहीत. अँटेनापेक्षा केबलची लांबी जास्त महत्त्वाची. आरजी-५८ ही बारीक काळी केबल २३०० मेगाहर्ट्झच्या आसपास मीटरमागे साधारण १ डीबी (डेसिबल, सिग्नल किती घटला याचं माप) खाते. पाच मीटर लावली तर आलेल्या सिग्नलचा एक तृतीयांशच राउटरपर्यंत पोचतो, बाकी वाटेत गेला. म्हणून राउटर पुढच्या डॅशबोर्डवर आणि अँटेना मागच्या टोकाला, असं करू नका. राउटर अँटेनाच्या बरोबर खाली, वरच्या कपाटात ठेवा, केबल दीड-दोन मीटरच्या आत आटपा. लांब लागणारच असेल तर एलएमआर-४०० सारखी जाड केबल घ्या, ती त्याच फ्रिक्वेन्सीला मीटरमागे पाव डीबीच्याही आत खाते. फक्त ती ताठ असते, कोपऱ्यात वळत नाही. राउटरच्या अँटेनाची केबल ५० ओहमची, डिशची आरजी-६ ही ७५ ओहमची. सीताबर्डीत मोदी नंबरच्या गल्ल्यांत दोन्ही मिळतात, घेताना केबलवर छापलेलं वाचून घ्या. ४जी-५जी राउटरला किमान दोन केबल लागतात, सगळ्या जोडा. एक मोकळी सोडली तर स्पीड पडतो.

"सिग्नल बूस्टर" म्हणून विकला जाणारा डबा मात्र घेऊ नका. परवान्याशिवाय मोबाइल रिपीटर लावणं आपल्या देशात बेकायदा आहे, आणि तो आजूबाजूच्या गावाचं नेटवर्क बिघडवतो. राउटरला बाहेरचा अँटेना जोडणं ही वेगळी गोष्ट, त्यात सिग्नल वाढवून परत फेकला जात नाही.

टपाला भोक

"ताई, काय होते जी, दोन होल मारून द्या ना." यावर माझं उत्तर असतं, आधी असलेली वाट शोधू. सोलरची केबल जिथून आत गेली त्या ग्लँडमधून (केबल आत नेणारं, पाणी अडवणारं बूच) आणखी एक जाईल का? मागच्या दाराच्या रबराशेजारून जाईल का? नसेल तरच भोक.

पत्र्याच्या टपाला आतून आडव्या पट्ट्या असतात, वजन त्या घेतात. मधल्या पत्र्यावर उभं राहिलात तर तो खाली बसतो, तिथं पाणी साचतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. म्हणून टपावर फळी टाकून तिच्यावर गुडघे टेकवायचे. शिडी भिंतीला लावतो तशी गाडीला लावताना पायथा उंचीच्या एक चतुर्थांश लांब, खाली एक माणूस धरायला. हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड, बॅटरीची निगेटिव्ह सुटी, बाहेरची वीज जोडलेली असेल तर प्लग काढलेला. उन्हाळ्यात हे काम सकाळी सहा ते नऊ. दहानंतर टपाच्या पत्र्याला हात लावता येत नाही, आणि घाम डोळ्यात असताना ड्रिल धरायचं नसतं.

भोक पाडण्याच्या जागी आतून आधी अस्तर सोडून बघा. वायरचा जुडगा, एसीची नळी, फोमच्या मागची फ्रेम, यातलं काही असू शकतं. जागा नक्की झाली की बाहेरून कागदी टेप चिकटवा, त्यावर खूण करा, पंच मारा. पंच न मारता ड्रिल लावलं तर बिट घसरतो आणि रंगावर लांब ओरखडा उमटतो. आधी ३ मिलिमीटरचं बारीक भोक, बिटला टोकापासून सेंटिमीटरभर वर टेप गुंडाळलेली, म्हणजे तो आत खोल घुसणार नाही. मग पायऱ्यांच्या बिटनं हळूहळू १६ मिलिमीटरपर्यंत. कड गोल कानशीनं बाहेरून आणि आतून घासा, बोट फिरवलं तर कुठंही टोचलं नाही पाहिजे, कारण हीच धार पुढं केबलचं आवरण कापते.

आता लोखंडाचा कीस. टपावर, फळीखाली, पन्हाळीत तो बारीक चमचमताना दिसतो. फुंकर मारून तो जात नाही, उलट लांब पसरतो. पॉलिथिनच्या पिशवीत चुंबक घालून टपावरून फिरवा, पिशवी उलटी करून कीस वेगळा टाका. हे केलं नाही तर पहिल्या पावसानंतर पांढऱ्या टपावर तपकिरी ठिपके येतात आणि प्रत्येक ठिपक्याखाली गंज धरलेला असतो. उघड्या कडेवर झिंक प्राइमरचे दोन हात द्या, पूर्ण वाळू द्या. मग रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेवर बसणारं कडं, मग ग्लँड.

सीलंट पॉलियुरेथेनचं, म्हणजे मेकॅनिक ज्याला पीयू म्हणतात ते. बाथरूमला लावतात ते व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन लोखंडाला लावू नका, ते सुकताना आम्ल सोडतं आणि पत्रा खातं. माझ्याकडे एक गाडी आली होती, दुसरीकडे काम करून घेतलेली. वरून सिलिकॉनचा जाड लेप अगदी गुळगुळीत दिसत होता. अस्तर सोडलं तर आतलं प्लायवूड फुगून पापड झालेलं. पीयूला सुकायला हवेतली ओल लागते. आपल्याकडे मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की ते हळू सुकतं, वरची साय आली तरी आतला भाग मऊच राहतो. दोन-तीन दिवस गाडी उभी ठेवा, केबल ओढू नका. अँटेनाच्या तळाखाली ब्यूटाइल टेप, म्हणजे चिकट रबरी पट्टी, दिली तर आणखी बरं.

केबलचं तोंड मागच्या दिशेला ठेवा. पुढून मारणारं पाणी वेगामुळं कुठंही घुसतं. आत शिरण्याआधी केबलला खाली झुकणारा एक वळसा द्या, त्या वळशावरून पाणी टपकून जातं. सगळं झाल्यावर बागेचा पाइप घेऊन दहा मिनिटं पाणी मारा, एक जण आत टॉर्च घेऊन बसू द्या. जोरात झोत नको, पाऊस पडतो तसं.

टप फायबरचा असेल तर भोक सोपं, पण अँटेनाखाली धातूचा पत्रा लागतो, नाहीतर बुटका अँटेना नीट काम करत नाही. आतून फूटभर लांब-रुंद ॲल्युमिनियमची प्लेट लावा. लोखंडी टपावर ही गरज नाही, टपच ते काम करतो.

राउटरची १२ व्होल्टची वायर फ्यूजशिवाय बॅटरीला जोडू नका. २ किंवा ३ अँपिअरचा फ्यूज पुरतो, आणि तो बॅटरीपासून वीतभराच्या आत असावा. इंजिन चालू असताना व्होल्टेज १४ च्या वर जातं, म्हणून सेट-टॉप बॉक्सला मध्ये १२ व्होल्टचा कन्व्हर्टर द्या.

डिश

डीडी फ्री डिश जीसॅट-१५ उपग्रहावर आहे, ९३.५ अंश पूर्वेला. नागपुरातून तो आग्नेयेला दिसतो: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं १४५ अंश, आणि जमिनीपासून ६० अंश वर. होकायंत्र किंवा फोन घेऊन गाडीपासून दहा पावलं लांब उभे राहा. टपावर उभं राहून मोजलं तर लोखंडामुळं सुई भलतीकडे जाते. समोर १४५ अंशाला एखादं झाड, घर, खांब अशी खूण पकडा आणि मग डिश त्या खुणेकडे वळवा. डिशचा चेहरा बघून फसू नका. आपल्याकडच्या ऑफसेट डिशचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा पुढचा डबा, मधोमध नसून खाली कडेला असतो, त्यामुळे डिश जितकी वर बघतेय असं वाटतं, त्याहून ती वीस-पंचवीस अंश जास्त वर बघत असते. सेट-टॉप बॉक्सच्या सिग्नल पानावर क्वालिटीचा आकडा बघत आधी डावी-उजवी, मग वर-खाली, शेवटी एलएनबी थोडा फिरवून. एक जण वर, एक जण टीव्हीसमोर, फोनवर बोलत. केबलला बॉक्सकडून १३ किंवा १८ व्होल्ट जातात, म्हणून एफ कनेक्टर (डिशच्या केबलच्या टोकाचं आट्यांचं कनेक्टर) लावताना-काढताना बॉक्स बंद हवा, केबलच्या बाहेरच्या जाळीचा एक धागा मधल्या तारेला लागला तरी बॉक्स जळू शकतो.

६० अंश म्हणजे बरंच वर, त्यामुळे झाडांचा हिशेब सोपा होतो. आग्नेयेचं झाड डिशपेक्षा जितकं उंच, त्याच्या निम्म्याहून थोडं जास्त अंतर सोडा. साग डिशपेक्षा ९ मीटर उंच असेल तर सव्वापाच मीटरला सिग्नल निघतो, सहा मीटर सोडले की काम झालं. सावली आणि टीव्ही दोन्ही हवेत तर झाड पश्चिमेला घ्या. दुपारचं ऊन ते अडवेल आणि आग्नेय मोकळी राहील. पावसाळ्यात सागाला पान येतं तेव्हा उन्हाळ्यात चाललेली जागा चालत नाही. आणि जोराच्या सरीत चित्र तुटतं, ते पाण्याच्या थेंबांमुळं. डिश हलवत बसू नका, पाऊस ओसरला की येतं.

६० सेंटिमीटरची डिश ताशी १०० किलोमीटरच्या वाऱ्यात जवळपास पंधरा किलोचा धक्का घेते. समृद्धीवर गाडी १२० ला असेल तर वीस किलोच्या वर. तो धक्का चार बोल्टांवर आणि पातळ पत्र्यावर येतो, तोही सतत हलवत. म्हणून उभी डिश घेऊन गाडी वीस मीटरसुद्धा हलवायची नाही, शेजारच्या झाडाखाली सरकवायचीसुद्धा नाही.

हे विसरू नये म्हणून मी सगळ्या गाड्यांना एकच गोष्ट करून देते. डिशचा दांडा उभा ठेवणारी जी पिन असते, तिच्या कड्यातच गाडीची चावी अडकवायची. डिश उभी असेल तोवर चावी टपाजवळ, पिनबरोबर. गाडी सुरू करायची तर चावी आणायला वर हात घालावाच लागतो, पिन निघते, दांडा खाली येतो. डॅशबोर्डवरची लाल चिठ्ठी काही दिवसांनी डोळ्याला दिसेनाशी होते, या सोयीचं तसं होत नाही. दुसरी चावी मात्र गाडीबाहेर, घरच्या माणसाकडे ठेवा, स्टिअरिंगजवळच्या कप्प्यात नाही.

वीज कडाडली तर

आपल्याकडे मृगाच्या आधी, एप्रिल-मे महिन्यांत, दुपारनंतर अचानक वावधान येतं. धूळ, वारा, मग विजा. आयआयटीएम पुणे या संस्थेचं 'दामिनी' ॲप फोनवर ठेवा, जवळ विजा पडत असल्या की ते इशारा देतं. ॲप नसेल तर मोजा: वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदांहून कमी गेले तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. त्याच्या आधीच, वावधानाची चिन्हं दिसताच, दांडा खाली, केबल राउटर आणि बॉक्समधून काढून बाजूला. विजा एवढ्या जवळ आल्यावर हे करायला वर चढू नका, तेव्हा केबल आणि उपकरणांचा विचार सोडून द्या, दारं-खिडक्या लावून आत बसा, धातूच्या भागांना हात लावू नका. लोखंडी बॉडीची गाडी आतल्यांना बऱ्यापैकी सांभाळते. फायबर बॉडीची नाही. जवळ पक्कं घर असेल तर तिकडे जा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा, मगच टपाला हात. टपावर अर्थिंगची तार ओढली म्हणजे विजेपासून वाचलो असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. थेट पडणारी वीज अशा तारेला जुमानत नाही.

शेताच्या मोटारीवरून किंवा ढाब्यावरून २३० व्होल्ट घेताना अर्थिंग तपासा. अर्थ नसलेल्या सॉकेटमुळं गाडीच्या बॉडीत करंट उतरू शकतो, तिथून केबलच्या जाळीत, आणि टपावर डिशला हात लावणाऱ्याला झटका बसतो. झटक्यापेक्षा त्यामुळं तोल जाऊन खाली पडणं जास्त वाईट. मल्टिमीटरनं फेज आणि अर्थमध्ये बघा, २३० च्या आसपास यायला हवं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर नको. गाडीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, बसवूनच घ्या. आणि टपावर चढायचं तर प्लग काढून, बटण बंद करून नव्हे.

देखभाल

जूनमध्ये मृग लागायच्या आधी एकदा आणि पोळ्यानंतर पाऊस उघडला की एकदा, एवढं पुरतं. सीलंटच्या कडेला नखानं दाबून बघा. सुटलं असेल तर वरून नवा लेप देऊ नका. प्लास्टिकच्या पट्टीनं जुनं पूर्ण काढा, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा, मग नवीन भरा. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडलं तर झिंक प्राइमर निघून जातो आणि पुन्हा भोक पाडल्यापासूनचं काम करावं लागतं. बोल्ट घट्ट करताना सीलंट फाटेल इतकं ओढू नका. एफ कनेक्टरच्या मधल्या तांब्यावर हिरवट थर आला असेल तर तेवढं टोक कापून नवं कनेक्टर लावा. केबलचं काळं आवरण आपल्या उन्हात तडकतं, भेगा दिसल्या तर केबल बदला, टेप गुंडाळून चालवू नका.

टपावर काही नवीन चढवलं, अगदी सायकलचं कॅरिअर असलं तरी, की पट्टी आणि टेप काढून उंची पुन्हा मोजा आणि काचेवरचा आकडा बदला.